वर्षातील त्रेपन्न मिनिटे

ज्येष्ठातील एखाद्या उकाड्याच्या दुपारी क्षितिजावर काळ्या मेघांची भिंत उभी राहते, वारा एकाएकी पडतो, झाडांची पाने निश्चल होतात, आणि मग जी सर कोसळते तिच्याकडे शेतकरी पेरणीच्या आशेने, वाटसरू आडोशाच्या चिंतेने आणि मुले निखळ आनंदाने पाहतात. मी मात्र उपग्रह-संदेशवहनाच्या नोकरीतील तीस वर्षे तिच्याकडे एका शाईच्या रेघेतून पाहत आलो. उपग्रहाकडून येणाऱ्या संकेताची पातळी ही रेघ ग्राहकयंत्राच्या आलेखपत्रावर रात्रंदिवस लिहीत असे. आकाश निरभ्र असले की ती संथ आणि सरळ जाई. सर आली की विहिरीत पोहरा सोडावा तशी खाली उतरे, दहा-वीस मिनिटे खोल राही, आणि मेघ पुढे सरकला म्हणजे हळूहळू वर येई. त्या उतरणीत काय सामावलेले असते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या माथ्यावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, आणि त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती घरातील विजेच्या दिव्याशी तुलना व्हावी इतकीच असते. एवढ्या अंतरावर पसरून जे पृथ्वीपर्यंत पोचते ते इतके क्षीण असते की त्याचा हिशोब डेसिबेल या मापातच मांडावा लागतो. या मापात ३ डेसिबेलांची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे आणि १० डेसिबेलांची घट म्हणजे ती दशांशावर येणे. आमच्या क्षेत्रात या हिशोबाला ‘लिंक बजेट’ म्हणतात, आणि त्याचे स्वरूप कचेरीतील जमाखर्चाच्या वहीहून वेगळे नाही: प्रक्षेपकाची शक्ती आणि दोन्हीकडच्या अँटेनांची एकाग्रता ही जमा, अंतर हा खर्च, आणि अखेरीस जी शिल्लक उरेल तिच्यावर संपर्काची सारी भिस्त. ४ गिगाहर्ट्झ वारंवारतेला एकट्या अंतराचा खर्च १९६ डेसिबेलांच्या घरात जातो. जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली कार्यान्वित झालेल्या आणि डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव धारण करणाऱ्या भूकेंद्राची अँटेना जवळजवळ ३० मीटर व्यासाची का होती, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

परंतु अंतराचा खर्च, कितीही मोठा असला तरी, कायम नेमणुकीसारखा ठरलेला असतो. अनिश्चित असते ती हवेची वसुली. छत्तीस हजार किलोमीटरांच्या त्या वाटेपैकी पावसाच्या वाट्याला येतात ते शेवटचे पाचएक किलोमीटर, कारण आपल्याकडे पावसाळ्यात साधारण त्या उंचीच्या खालीच हिमकण वितळून त्यांचे थेंब होतात. आर्वीच्या काळी संदेश ६ गिगाहर्ट्झने वर जात आणि ४ गिगाहर्ट्झने खाली येत. ४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसात सेंटिमीटर, आणि मोठ्यात मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरांचा. तेव्हा त्या लहरी पावसाची फारशी दखल न घेता पार होत. पुढे त्या पट्ट्यांत गर्दी झाली, घरोघरी बसवता येतील अशा लहान डिशची गरज भासू लागली, आणि आम्ही १२, २० गिगाहर्ट्झ अशा पायऱ्या चढत गेलो. तरंगलांबी अडीच, मग दीड सेंटिमीटरांवर आली आणि थेंबाशी तिचा सामना होऊ लागला. ताशी १०० मिलिमीटर वेगाच्या सरीत १२ गिगाहर्ट्झचा संकेत दर किलोमीटरला सुमारे ५ डेसिबेल गमावतो, आणि २० गिगाहर्ट्झचा सुमारे १२. शिवाय जो पाऊस संकेत शोषतो, तो स्वतःच्या उष्णतेने रेडिओ-लहरी उत्सर्जितही करतो. म्हणजे एरव्ही ज्या थंड, निःशब्द आकाशाकडे अँटेना कान लावून असते, तेथे ऐन वेळी कोलाहल उभा राहतो. संकेताची घट आणि गोंगाटाची वाढ अशी ही दुहेरी तूट आहे.

या तुटीसाठी किती तरतूद करावी, हा आमच्या विद्येतील कळीचा प्रश्न. त्यासाठी जगभर एक परिमाण रूढ आहे: वर्षाच्या एकूण काळापैकी ०.०१ टक्का वेळ पावसाचा वेग ज्या आकड्याच्या वर असतो, तो आकडा. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. त्यांचा हा अंश म्हणजे अवघी त्रेपन्न मिनिटे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण त्या एकूण बेरजेवरून आम्हांला फारसे कळत नाही. दिवसभर झिमझिमणाऱ्या श्रावणसरीपेक्षा देशावरचा अर्ध्या तासाचा वळीव संकेताला अधिक घातक ठरू शकतो. कोट्यवधी रुपयांचे केंद्र ज्या हिशोबावर उभे राहते, त्याचे भवितव्य या त्रेपन्न मिनिटांच्या हाती असते.

आणि ही मिनिटे प्रत्येक देशाची निराळी असतात. मार्शल आणि पामर या शास्त्रज्ञांनी कॅनडातील निरीक्षणांवरून थेंबांच्या आकारमानाच्या वाटणीचे जे सूत्र १९४८ साली प्रसिद्ध केले, ते त्यांच्या आकाशाशी प्रामाणिक होते. आपल्या गडगडाटी मेघांतील थेंबांची वाटणी मात्र पुष्कळदा त्या सूत्रात बसत नाही. उमेदवारीच्या काळात मी ज्या केंद्राच्या उभारणीत होतो, तेथे पावसाची तरतूद समशीतोष्ण प्रदेशाच्या कोष्टकांवरून केलेली होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात संपर्क अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक वेळा तुटला. त्या दिवसांत रात्री जागून आलेखपत्रे चाळताना जी गोष्ट माझ्या मनात ठसली ती आजही पक्की आहे: उपकरणे विकत आणता येतात, सूत्रे उसनी घेता येतात, पण आपल्या आकाशाचे दप्तर आपल्यालाच ठेवावे लागते.

पावसाच्या खूप वर, साठ-सत्तर किलोमीटरांपासून हजार किलोमीटरांपर्यंत, आयनांबर पसरलेले आहे, आणि तेथे तर आपल्या भूमीचे वेगळेपण अधिकच प्रकर्षाने दिसते. सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी मुक्त झालेले तेथील इलेक्ट्रॉन संकेताला विलंब लावतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका हा विलंब तिच्या वर्गाच्या प्रमाणात अधिक. वाटेतील प्रत्येक चौरस मीटरमागे दहा हजार लाख कोटी, म्हणजे एकावर सोळा शून्ये, इतके इलेक्ट्रॉन असले की जीपीएसच्या मुख्य संकेतात १६ सेंटिमीटरांची चूक येते; आणि सौरचक्राच्या उच्चावस्थेत आपल्याकडे दुपारी याच्या शंभरपट इलेक्ट्रॉनही आढळतात. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जाते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडवण्यासाठी थुंबा हे गाव निवडले गेले ते याच कारणाने. त्या रेषेवर दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उतरत दोन्ही बाजूंना सुमारे पंधरा अंशांवर साचतात. या साचलेल्या राशींपैकी उत्तरेकडील राशीचा माथा गुजरात, मध्य प्रदेश, बंगाल या पट्ट्यावर येतो, आणि महाराष्ट्र तिच्या उतरणीवर असतो. म्हणूनच विमानांसाठी ‘गगन’ ही उपग्रह-साहाय्य व्यवस्था उभारताना आपल्या शास्त्रज्ञांना आयनांबराचे अनेक थर लक्षात घेणारी स्वतंत्र गणनपद्धती रचावी लागली. ‘नाविक’ या आपल्या उपग्रह-दिशादर्शन व्यवस्थेने दोन वारंवारता वापरल्या त्यामागेही हाच विचार आहे, कारण दोन्हींच्या विलंबांतील फरकावरून आयनांबराचा वाटा नेमका काढून वजा करता येतो.

सूर्यास्तानंतर या थराची खालची बाजू लवकर विरळ होते, वरचा घन भाग तिच्यावर तोललेला राहतो, आणि हलक्या द्रवावर जड द्रव ठेवल्यावर व्हावे तसे विरळ भागाचे प्रचंड बुडबुडे वर उसळतात. त्यांतून येणारा संकेत तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो, कधी पुरता हरवतो. सौरक्रियाशील वर्षांत, दोन्ही संपातांच्या सुमारास आणि मध्यरात्रीपूर्वी, याचा जोर असतो. म्हणजे कोजागरीला आपण गच्चीवर आटीव दूध घेऊन ज्या स्वच्छ, स्तब्ध आकाशाकडे पाहत बसतो, तेच आकाश आमच्या यंत्रांना त्या वेळी खवळलेले दिसण्याचा संभव असतो. डोळ्यांना जे निर्मळ ते संकेताला निर्वेध असतेच असे नाही, हे मला त्या आलेखांनीच शिकवले.

संकेताच्या या हानीची नोंद पुढे विद्येच्या जमेची बाजू ठरली. तपांबरातील, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरातील, कोरडी हवा माथ्यावरून येणाऱ्या संकेताला सुमारे २.३ मीटरांइतका विलंब लावते, आणि बाष्प त्यात काही सेंटिमीटरांपासून चाळीसेक सेंटिमीटरांपर्यंत भर घालते. या वरकड विलंबावरून हवामानशास्त्रज्ञ आज माथ्यावरच्या बाष्पाचा अंदाज घेतात. संपर्क खंडित झाल्याची नोंद केवळ बिघाडाच्या सदरात टाकून जो ती पुसून टाकतो, तो आकाशाने आपण होऊन दिलेली जबानी नष्ट करतो.

केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या प्रत्येक अभियंत्याला मी पहिले काम सांगत असे ते अँटेनेशेजारच्या पर्जन्यमापकाचे. मृगापूर्वी त्याच्या नसराळ्यातला पालापाचोळा काढावा, घड्याळ मिनिटाला मिनिट जुळवावे, आणि नोंदवहीत तारीख घालावी. कारण त्या त्रेपन्न मिनिटांची वर्दी कोणी आगाऊ देत नाही, आणि एकदा निघून गेलेली सर साक्षीसाठी परत बोलावता येत नाही.