काळ्यात थोडी लाल

मे अर्ध्यावर आला की वरंध घाटापासून राजगड-तोरण्याच्या पायथ्यापर्यंत करवंदाच्या जाळ्या एकदमच काळ्या होतात. बांधावर कुंपण म्हणून राखलेल्या जाळीचंही तेच. घरात खाऊन संपत नाहीत, पानाच्या द्रोणात घालून रस्त्याकडेला विकूनही उरतात; आणि वळवाच्या दोन सरी झाल्या की फळ पाणचट होतं, उकलतं, त्यात किडे पडतात. म्हणून मग जॅमची घाई. या घाईत हात आपसूक काळ्याभोर, मऊ फळांकडेच जातो आणि बाकीची जाळीवर राहतात. करवंदाचा जॅम जमणार की फसणार, हे माझ्या मते तिथेच ठरतं. तीन-चार वाट्या काळ्या करवंदांत वाटीभर लालसर, दाबल्यावर टणक लागणारी असायलाच हवीत.

जॅम साखरेने घट्ट होतो असा सर्रास समज आहे. नुसत्या साखरेने पाक होतो. जॅम धरून ठेवतं ते फळातलं पेक्टिन, आणि त्याला आंबटपणा व साखर दोन्हींची जोड लागते. फळ पिकतं म्हणजे हेच पेक्टिन तुटत जातं. फळ मऊ पडतं ते त्यामुळेच. आंबटपणाही सोबत उतरतो. काळ्या करवंदात रंग, गोडी आणि वास आहे, धरून ठेवायची ताकद लालसर करवंदात जास्त. मांढरदेवीचा घाट उतरून वाई, पुढे पसरणी चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठलं की जॅम म्हणजे स्ट्रॉबेरी. तिच्यात पेक्टिन मुळातच कमी, म्हणून वरून घालावं लागतं. तिची कृती वाचून करवंदातही पेक्टिनची पूड घालणं म्हणजे विकतचं दुखणं आहे.

लालसर करवंदाला चीक असतो, तोंडाला तुरट लागतं, मग ते जॅममध्ये कशाला, असं कोणीही विचारेल. चीक असतोच. देठ काढून फळं मिठाच्या पाण्यात घटकाभर ठेवावीत, देठ काढताना बोटांना तेल लावावं, आणि शिजताना कडेला जो चिकट फेस जमतो तो झाऱ्याने काढून टाकावा. फळं बुडतील-न बुडतील इतक्याच पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात शिजवायची. इतक्या आंबट फळाला पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम नको. पुरणयंत्रातून फिरवलं की बिया आणि सालींचा चोथा वर राहतो आणि खाली जांभळट, गुळगुळीत गर पडतो. उरलेला थोडा तुरटपणा मला तरी हवासा वाटतो. साखरेचा गोडमिट्टपणा तोच मोडतो.

साखर मात्र पुष्कळ लागते, गराच्या पाऊण पट ते बरोबरीने, आणि यावर आक्षेप येणारच. तो रास्त आहे. पण तयार जॅममध्ये विरघळलेला गोडवा वजनाने साधारण पासष्ट टक्के असला तरच बुरशीला पाणी मिळत नाही. निम्म्या साखरेत करायचा तर तो फ्रीजमध्ये ठेवावा, आठवड्याभरात संपवावा आणि सैल राहिला म्हणून कुरकुर करू नये. आपला साखरांबा याच हिशोबावर वर्षभर टिकतो. गुळाने चव छान येते, पण रंग मातकट होतो आणि करवंदाचा वास दबतो. तसं करायचं तर त्याला गुळांबा म्हणून वेगळा मान द्यावा.

ढीगभर फळं समोर असली की सगळा गर एकाच मोठ्या टोपात रटरटवत ठेवायचा मोह होतो. तासभर उकळलेल्या गरात पेक्टिन तुटतं, रंग तपकिरी पडतो, म्हणजे लाल करवंदं घालून कमावलेलं तिथेच गमावलं. किलोभर गर घ्यावा, आच मोठी ठेवावी, साखर विरघळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत उरकावं. पुस्तकातलं १०५ अंश तापमान समुद्रकाठचं आहे; भोर-वेल्हे सहाशे-सातशे मीटरवर, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा साधारण १०३ ला थांबायचं. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उलथन्याच्या कडेवरून थेंब सुटे न पडता दोन थेंब एकमेकांत मिसळून पडद्यासारखे ओघळले की गॅस बंद करायचा. त्या क्षणी जॅम पातळच दिसतो आणि अजून पाच मिनिटं ठेवावं असं वाटतं. ती पाच मिनिटं दिली की दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा उभा राहतो.