बंद झरोका

मुलांनो, तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीत वरच्या बाजूला एक लहानशी खिडकी असेल. घरी आपण तिला रोशनदान म्हणतो. मराठीत तिला झरोका म्हणतात. नाव रोशनदान असले, तरी तिच्यातून फक्त उजेड येत नाही, हवाही येते. ही गोष्ट तशी सर्वांनाच माहीत असते. मलाही माहीत होती. पण तिचे मोल मला कळले ते जानेवारी २०१० मध्ये. तेव्हा मी नववीत शिकत होते.

आम्ही मालेगावला राहत होतो. अब्बा यंत्रमागावर काम करत. घरात अब्बा, अम्मी, दादी, मोठी बहीण म्हणजे आपा, धाकटा भाऊ आणि मी. त्या काळात भारनियमनामुळे रोज कित्येक तास वीज नसे. थंडीच्या दिवसांत सकाळी पाणी तापवायचे कसे, हा मोठाच प्रश्न होता. शेवटी अब्बांनी पैसे साठवून गॅसवर चालणारा गीझर आणला. बसवायला आलेल्या माणसाने तो न्हाणीघरातच, नळाच्या वर, भिंतीला लावला. "इथे सोयीचे पडेल," तो म्हणाला. आम्हालाही ते पटले.

ते यंत्र मला फार आवडले. नळ सोडला, की पाण्याच्या दाबाने आतली झडप उघडे. सेलमुळे ठिणगी पडे आणि 'भप्प' असा आवाज होऊन निळी ज्योत पेटे. ज्योतीच्या वर तांब्याची वळणावळणाची नळी होती. तिच्यातून जाता जाता थंड पाणी कढत होऊन बाहेर येई. काड्या नकोत, धूर नाही, वाट पाहणे नाही!

त्रास एकच होता. झरोक्यातून गार वारा आत येई. दादी अंघोळ करून कुडकुडत बाहेर यायची. एके दिवशी मी स्टुलावर चढले, झरोक्यात जाड पुठ्ठा बसवला आणि फटींमध्ये जुने कापड कोंबले. वारा बंद झाला. दादीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला दुआ दिली. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला.

त्यानंतर काही दिवसांनी अम्मी म्हणू लागली, "अंघोळ केली, की माझे डोके ठणकते." आम्ही म्हणालो, "सर्दी झाली असेल." तिने कपाळाला बाम लावला. एकदा भावाला अंघोळीनंतर मळमळले. आम्ही म्हणालो, "रात्रीचे जेवण पचले नसेल." गीझरची ज्योतही आता निळी राहिली नव्हती, पिवळी दिसत होती. मला तर ती अधिकच सुंदर वाटली. मुलांनो, हे तिन्ही धोक्याचे इशारे होते. आमच्यापैकी एकालाही ते समजले नाहीत.

तो शुक्रवार होता. सगळ्यांनाच अंघोळ करायची होती. अब्बांची झाली, भावाची झाली, मग आपा गेली. तिला केस धुवायचे होते. बराच वेळ झाला. पाण्याचा आवाज येत होता, पण बादलीचा किंवा तांब्याचा आवाज येत नव्हता. अम्मीने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. अब्बा धावत आले. त्यांनी खांद्याने दार ढकलले. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली. आपा फरशीवर पडली होती. नळ चालू होता आणि वर गीझर जळत होता.

अब्बांनी आणि अम्मीने तिला चादरीत गुंडाळून अंगणात आणले. मी धावत जाऊन गॅसचे बटण बंद केले. अम्मी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "पण गॅसचा वास तर मुळीच आला नाही!" शेजारच्या चाचांनी रिक्षा आणली. वाटेत मोकळ्या हवेत आपाने डोळे किंचित उघडले, तेव्हा अब्बांच्या तोंडून "या अल्लाह, तुझे आभार!" असे शब्द निघाले.

दवाखान्यात तिला लगेच ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. "पाणी कशावर तापवता? गीझर कुठे आहे? खिडकी उघडी होती का?" तिसऱ्या प्रश्नाला मी मान खाली घातली.

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. गॅसला जळण्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला, की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. सिलिंडरमधल्या गॅसला जो वास येतो, तोसुद्धा त्याचा स्वतःचा नसतो. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. पण गॅस जळून जो वायू तयार होतो, त्याची खबर आपल्या नाकाला लागत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातपाय गळून जातात. दार उघडावे असे वाटते, पण उठण्याची ताकद राहत नाही.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी रडत अब्बांना म्हणाले, "तो पुठ्ठा मी लावला होता." मला वाटले, ते रागावतील. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तू दादीसाठी लावलास. मी तो रोज पाहत होतो, पण मलाही सुचले नाही. चूक एकट्या तुझी नाही, बेटा. पण आता ती पुन्हा होता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच स्टुलावर चढले आणि पुठ्ठा काढून टाकला. आपा तीन दिवसांनी घरी आली. मग अब्बांनी एका जाणकार मिस्त्रीला बोलावले. त्याने गीझर उघडला. बर्नरवर काजळी साचली होती आणि हवेच्या छिद्रांत कापसाचे तंतू अडकले होते. आमच्या मोहल्ल्यात यंत्रमागांमुळे असे तंतू सदा उडत असतात. मिस्त्रीने सगळे साफ केले. मग गीझर आणि सिलिंडर दोन्ही अंगणातल्या मोकळ्या भिंतीशी नेले. आत फक्त गरम पाण्याची नळी आणली.

मुलांनो, तुमच्या घरी गॅसचा गीझर असेल, तर एवढे लक्षात ठेवा. तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. तो आत असेल, तर बाहेर हलवेपर्यंत वापरू नका, असे मोठ्यांना सांगा. झरोका कधीही बुजवू नका. दरवर्षी थंडीपूर्वी जाणकाराकडून गीझर साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसली, तर तो लगेच बंद करा. रबरी नळी तडकली आहे का, ते पाहा. नळीवर छापलेली मुदत संपली असेल, तर ती बदला. गळतीची शंका आली, तर नळीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी मात्र कधीही पेटवू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणेही असेच जीवघेणे असते. कोणी बेशुद्ध पडले, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गॅसची गळती झाली, तर १९०६ या क्रमांकावर कळवा.

आता माझे स्वतःचे घर आहे. आपा अधूनमधून माझ्याकडे राहायला येते. अंघोळीला जाताना ती दारातच थांबते आणि मान वर करून झरोक्याकडे पाहते. तो उघडा दिसला, की मगच आत जाते. तिचे पाहणे मी मुकाट्याने पाहते.

तुम्हीही आज घरी गेलात, की एकदा मान वर करून पाहा.