पंधरा ते आठ

आजीकडे वर्तमानपत्राचा एक जुना कागद होता, उदबत्तीने भोकं पाडलेला. दिवाळीत सारवलेल्या अंगणात तो पसरायचा, वरून रांगोळीची मूठ फिरवायची आणि श्वास धरून उचलायचा. खाली ठिपके. ‘पंधरा ते आठ,’ आजी म्हणायची. मधली ओळ पंधराची. दोन्ही अंगांना चौदा, तेरा करत आठवर थांबायचं, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या फटीसमोर. एकूण किती, हे तिने कधी मोजलं नाही. मी मोजले: १६९. तेराचा वर्ग! तो निव्वळ योगायोग. खरी गंमत फार उशिरा कळली. आठच्या घनातून सातचा घन वजा केला, तरी १६९च.

भाचीला हे पटेना. मग तिचाच रूबिक क्यूब घेतला आणि त्याचा कोपरा डोळ्यासमोर धरला. तीन बाजू एकदम दिसतात, कडा षटकोनी होते. दिसणारे ठोकळे १९. सत्तावीसपैकी आठ मागे दडलेले. ‘पाच ते तीन’च्या रांगोळीत ठिपके तेवढेच, आणि मांडणीही तीच.

आधी ठिपके, मग रेघ, ही रीत आपली एकट्यांची नव्हे. पूर्व अंगोलातले चोक्वे लोक वाळू सपाट करून बोटांच्या टोकांनी सारख्या अंतरावर ठिपके उमटवत आणि गोष्ट सांगता सांगता त्यांच्याभोवती रेघ फिरवत. ही चित्रं म्हणजे ‘सोना’. आपल्याकडे हे काम बायकांचं, तिथे पुरुषांचं. बोट मध्येच अडखळलं तर ऐकणारे हसायचे. (आजीची रेघ चुकली की ती पदराने पुसून टाकायची, हसायची कुणाची छाती नव्हती.) मोझांबिकमध्ये शिकवणाऱ्या पाउलुस गेर्डेस या गणितज्ञाने या रेघांमागचं गणित उलगडलं.

आम्ही परातीत रांगोळी पसरली. तीन ओळी, ओळीत चार ठिपके. बोट ठिपक्यांमधल्या जागेतून तिरकं निघतं, कडेला पोचलं की कॅरमच्या सोंगटीसारखं वळतं. बाराही ठिपक्यांना वळसे घालून ते निघाल्या जागी परत आलं. तीन-तीन मांडले तर एका रेघेत भागेना, तीन लागल्या. चार-सहाला दोन.

भाची थबकली. ‘आत्या, हा तर मसावि!’

मसावि. शाळेत मी उभ्या रेघेच्या डावीकडे भाजक लिहीत तो शेकडो वेळा काढला होता. कशासाठी, विचारलं तेव्हा ‘परीक्षेसाठी’ असं उत्तर मिळालं होतं.

‘आजीचे पंधरा आणि आठ घेऊ?’ ती म्हणाली आणि मनाशीच पुटपुटली, ‘मसावि एक.’ म्हणजे १२० ठिपके, आणि रेघ एकच. परात पुरणार नव्हती. आम्ही डबा घेऊन गच्चीवर गेलो. ठिपके मांडता मांडता दिवेलागण झाली. तिने कोपऱ्यापाशी उकिडवं बसून पहिली चिमूट सोडली.

‘मला मध्ये हाक मारू नकोस हं.’