काकांची करंगळी

पुतणीचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे साक्षात नवरी. अ‍ॅक्रिलिकची नखं घडवायची, लग्न रविवारी. सरावाला काकांचा पंजा! ब्रश द्रवात बुडवून भुकटीला टेकवला की टोकाला मणी धरतो. सगळी विद्या त्या मण्यात. फार ओला झाला तर कातडीवर ओघळतो आणि नख कडेने सुटतं; कोरडा राहिला तर पसरत नाही. "भाकरीच्या पिठासारखंच की," इति सौ. शिवाय मधे किंचित फुगवटा हवा, नाहीतर मोडलंच. म्हणे १९५४ साली फ्रेड स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने आपलं तुटकं नख दातांच्या अ‍ॅक्रिलिकने सांधलं, तिथून हे सुरू. म्हणजे ही नखं माझ्या कवळीची मावसबहीणच! सोमवारचं नख मंगळवारी सुटलं, मंगळवारचं बुधवारी. बुधवारचं मात्र टिकलं. आज शुक्रवारी बँकेत सही केली, तर कॅशियर सही सोडून करंगळीच बघत राहिला.