आहे त्या चुलीला जाळी



रहिमतपूर भागात गॅस आला, तरी आंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून बऱ्याच घरी चुलीवरच होते. त्यासाठी आहे ती मातीची चूल मोडू नका. आत बिडाची जाळी बसवा. लाकडाला खालून वारा मिळतो, ते नीट जळते, धूर कमी होतो. जाळीखाली चार बोटे पोकळी ठेवा आणि राख रोज ओढा. जाळी आणण्याआधी मात्र घरच्या बाईला विचारा. चुलीचे तोंड, तवा, पातेले यांचे माप तिला ठाऊक असते. बाजाराला जाणाऱ्याला नसते!

उरलेला धूर घराबाहेर काढायला धुराडेच हवे, तेही आढ्याच्या वर गेलेले. १९८३-८४ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून निर्धूर चुली बसल्या. २००२ मध्ये तो बंद झाला. कितीतरी धुराडी काजळीने तुंबली आणि बायकांनी पुन्हा साधी चूल मांडली. त्यांना मी दोष देत नाही. कौलांवर चढून धुराडे झाडणे पुरुषांचे काम, तेच राहिले.

ओल्या बाभळीपुढे जाळीचेही काही चालत नाही. पावसाळ्याआधी सरपण आडोशाला रचा. पाचट मात्र चुलीकडे आणू नका, ते उसाच्या सरीतच कुजू द्या.