निकालानंतरची वाट

परीक्षेचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, थोरामोठ्यांच्या पाया पडणे होते. आणि दुसऱ्याच दिवशी घराघरांत एक निराळी काळजी शिरते. आता पुढे काय? आमच्या शाळेतील पालक बहुधा खानदेशचे. जळगाव, धुळे, नंदुरबार सोडून उधन्याच्या गाडीने सुरतेस आलेले. कोणी लिंबायतेत यंत्रमागावर, कोणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. रात्रपाळी संपवून ते तसेच शाळेत येतात आणि विचारतात, "बाई, पोरले आते काय करानं?" ह्या चार शब्दांत जो विश्वास असतो, त्याचे ओझे शिक्षकाने ओळखले पाहिजे.

ह्या शहरात विद्येच्या दारांची उणीव नाही. अठवा लाइन्सवरील एम. टी. बी. कला महाविद्यालय १९१८ सालापासून उभे आहे. १९६१ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच आज सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. १९६४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व १९६७ साली विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठास २००४ पासून कवी नर्मदाचे नाव आहे. लिंबायतेहून ही सारी ठिकाणे बसच्या टप्प्यात आहेत. परंतु ज्या घरातील कोणीच महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरास हे अंतर मुंबईहूनही लांबचे वाटते. ते कमी करण्यास गुण लागतात, तशीच वेळेवर मिळालेली माहितीही लागते.

पहिली निवड दहावीनंतरच होते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. विज्ञान शाखेत 'अ' गट म्हणजे गणित व 'ब' गट म्हणजे जीवशास्त्र. मैत्रिणीने घेतला म्हणून 'ब' गट घेणाऱ्या मुलीस बारावीनंतर अभियांत्रिकीचे दार बंद झालेले दिसते. पदवीच्या नेहमीच्या अभ्यासक्रमांसाठी २०२४ पासून राज्यातील सरकारी विद्यापीठांचा अर्ज एकाच संकेतस्थळावर भरावा लागतो. अभियांत्रिकीची व वैद्यकाची प्रवेश समिती निराळी. तेव्हा एक अर्ज भरला म्हणजे सर्वत्र भरला, असे समजू नये.

भाषेचा प्रश्नही असाच आधी सोडवावयाचा आहे. 'नीट' व 'जेईई मेन' ह्यांची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. गुजकेटची मात्र गुजराती, हिंदी व इंग्रजीत असते. माझी मायबोली कोंकणी. शाळा मराठीत झाली, पदवी इंग्रजीतून घेतली आणि बाजारहाट आता गुजरातीत करते. भाषा बदलल्याने बुद्धी उणी होत नाही, हा माझा अनुभव आहे. मात्र नव्या भाषेतले शब्द आधी कानांवरून गेलेले असावे लागतात. अकरावीपासून रोज दहा पारिभाषिक शब्द इंग्रजीत व गुजरातीत लिहून काढले, तर पुढे वर्गात बसताना मन दचकत नाही.

आता कागदांविषयी. आपल्या 'पाटील'चे येथे सहज 'पटेल' होते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम, तर आधारपत्रावर शेवटी येते. प्रवेशाच्या दिवसांत अशी एकेक वेलांटी कचेरीच्या चार खेपा घालावयास लावते. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचाच मोबाईल क्रमांक पुष्कळ जण देतात. मग प्रवेशाचा निरोप त्याच्याकडे जातो आणि मुदत टळून जाते.

सर्वांत जड गोष्ट जातीच्या दाखल्याची. आमची एक विद्यार्थिनी उत्तम गुणांनी बारावी झाली. जवळ धुळे जिल्ह्यातील दाखला होता. प्रवेशाच्या वेळी तो येथील राखीव जागेसाठी ग्राह्य धरला गेला नाही आणि खुल्या यादीत तिचा क्रमांक थोडक्यात हुकला. तिचे वडील मला म्हणाले, "बाई, वीस वर्षे आम्ही इथे राबलो; गाव सुटलं, पण दाखला गावालाच राहिला." त्यात कारकुनाचा दोष नव्हता. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत, आणि स्थलांतर केलेल्यास नव्या राज्यात तो लाभ मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मुंबईतील एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात दिला आहे. केंद्र सरकारच्या संस्थांत मात्र मूळ राज्याचा दाखला चालतो. हे नववीतच कळले असते, तर त्या मुलीने आपली तयारी त्या दिशेने केली असती. आज ती विज्ञानाची पदवी घेत आहे आणि हिंमत हरलेली नाही. पण प्रत्येक मुलीची हिंमत अशी टिकेलच, असे नाही.

पालकांना आणखी एक विनंती. फीच्या भयाने मुलास मागे ओढू नका. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेतून २०१५ पासून गरजू व गुणी विद्यार्थ्यांना साहाय्य मिळते. शाळेत येऊन चौकशी करा. आणि मुलीस, केवळ महाविद्यालय दूर आहे म्हणून, घरी बसवू नका. कला शाखा ही हरलेल्यांची शाखा आहे, असेही मानू नका. मी त्याच शाखेची पदवीधर आहे आणि त्याच शिदोरीवर आज तुमच्या मुलांना शिकवीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, निवड तुमची असावी. पण ती माहिती घेऊन केलेली असावी. ह्या दिवाळीच्या सुट्टीत एक काम करा. घरातील कागदांची पिशवी आईबाबांसमवेत उघडून बसा, प्रत्येक कागदावरील आपले नाव वाचा, जे जुळत नाही ते लिहून ठेवा आणि ते टिपण घेऊन शाळेत या. पुढचे काम आपण मिळून करू.