फेब्रुवारीतली वासरं

विल्डबीस्टला कुणी देखणा म्हणत नाही. तोंड लांबट नि उदास, खांदे भारी, पाठ मागे उतरत गेलेली, हनुवटीखाली फिकट दाढी. झाडोऱ्याच्या कडेचा इम्पाला एका झेपेत झुडूप ओलांडतो, ग्रँट्स गझेल उंच शिंगं मिरवत उभा राहतो; त्यांच्या शेजारी हा कुरंग ओबडधोबडच वाटतो. तरीही सेरेंगेटीचं नाव निघालं की माझं मन धावतं ते त्याच्याकडेच.

त्याची ओळख आपल्याला होते ती मारा नदीच्या काठावर. धूळ, मगरी, पाण्यात कोसळणारे कळप. दर वर्षी हजारो जनावरं तिथे बुडतात. गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे त्यांच्यावर जगतात. ते दृश्य थरारक आहे, पण मला ओढ आहे ती फेब्रुवारीची.

तेव्हा कळप दक्षिणेला, टांझानियातल्या एन्डुटूच्या आसपास असतात. गवत बोटभर उंचीचं. ओल डोइन्यो लेंगाई हा इथल्या गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांचा देवाचा डोंगर आजही जागा असलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या आणि त्याच्या विझलेल्या भावंडांच्या राखेवर हे मैदान पसरलं आहे. त्या राखेतलं कॅल्शियम आणि फॉस्फरस गवतात उतरतं, गवतातून दुधात. म्हणून माद्या विण्यासाठी इथे येतात. दोनतीन आठवड्यांत बहुतेक साऱ्या वितात, त्याही सकाळच्या उजेडात, कळपाच्या मधोमध. पिवळसर तपकिरी वासरू ओलंच असतं, धडपडतं, पडतं, पुन्हा उठतं आणि काही मिनिटांत आईच्या अंगाला लागून पळू लागतं. तरस, सिंह, चित्ते पोटभर खातात, तरी वासरं उरतात. एकाच वेळी एवढी जन्मलेली सगळी खाणं कुणालाच शक्य नसतं. मागाहून एकटं जन्मणारं वासरू मात्र क्वचितच वाचतं.

पण या वासरांना दुसराही एक वैरी होता, आणि तो दिसत नसे. बुळकांडी, गुरांचा जीवघेणा साथीचा रोग. १८८७च्या सुमारास परदेशी गुरांबरोबर ती एरिट्रियात उतरली आणि दशकभरात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे पोचली. मसाईंचे गोठे ओस पडले, पाठोपाठ माणसं उपासमारीने गेली. रानरेडे, विल्डबीस्ट गवतात मरून पडले. साथ ओसरली तरी रोग गेला नाही. वाचलेल्या आईच्या दुधातलं बळ वासराला काही महिने पुरायचं; ते सरलं की वर्षाच्या आतच वासरू जायचं. दर वर्षी, कितीतरी दशकं. वासरं तेव्हाही अशीच फेब्रुवारीत जन्मत होती, धडपडत उभी राहत होती, हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

मग आजूबाजूच्या गुरांना लस टोचली गेली. रानातल्या एकाही विल्डबीस्टला कुणी हात लावला नाही. गुरं निरोगी झाली आणि १९६०नंतरच्या काही वर्षांत रानातला रोग आपोआप नाहीसा झाला. तेव्हा अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाऊन टाकलं, म्हणून वणवे कमी झाले. वणवे कमी झाले, म्हणून झाडं वाढली. एका लशीने एवढं रान उभं केलं.

बुळकांडीशी आपलंही जुनं वैर. गुरांच्या अशा साथींच्या अभ्यासासाठी १८८९ साली पुण्यातच प्रयोगशाळा निघाली होती. ती पुढे मुक्तेश्वरला गेली. नैरोबीजवळच्या मुगुगा इथे वॉल्टर प्लाउराइट यांनी घडवलेल्या लशीने अखेर काम तडीस नेलं, आणि २०११ साली हा रोग पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर झालं.

सेरेंगेटीला माणसाचा हात न लागलेलं रान म्हणतात, ते मला पटत नाही. राष्ट्रीय उद्यानासाठी १९५९ साली मसाईंना तिथून बाहेर काढलं गेलं, आणि तरीही त्या कळपांचं आयुष्य बाहेरच्या गोठ्यांशीच बांधलेलं राहिलं. कधी तिकडे जाणं जमलं तर नदीकाठच्या गर्दीऐवजी फेब्रुवारीचं मैदान निवडा. आणि वाटेत मसाईंच्या गाई आडव्या आल्या तर गाडी थांबवून त्यांच्याकडेही तेवढ्याच आदराने पाहा.